पेण विकणे आहे

मला इंग्रजी उत्तम येतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचल्यावर तुमचा तसा समज राहणार नाही. इंग्रजी घेऊन मी बी. ए. झालेय. सेकंड क्लास, पण वरच्या बाजूचा. पेणला आमच्या आळीत कुणाला बँकेचं पत्र आलं, औषधाच्या बाटलीवरचं बारीक वाचायचं असलं, की माणसं सरळ माझ्या दारात येतात. त्यामुळे नव्याण्णव सालच्या नोव्हेंबरात मी नवऱ्याला जाहीर केलं, "मी नोकरी करणार नाही. मी इंटरनेटवर धंदा करणार."

आदर्शनं ताटातला बोंबील बाजूला ठेवला. "इंटरनेट बघितलंयस का?"

"बघायचं काय त्यात? इंग्रजीत असतं."

आदर्श रोह्याला एका केमिकल कंपनीत शिफ्टला जातो. तिथल्याच टाइम ऑफिसात त्यानं माझ्यासाठी कारकुनाची जागा बघून ठेवली होती. सकाळी साडेसहाची एस.टी., संध्याकाळी सहाला घरी. जागा वाईट नव्हती. वाईट एवढंच होतं, की माझी भाविका अडीच वर्षांची होती.

मी द्राक्षाचे चार तुकडे करून देणारी आई आहे. पाणी दोनदा उकळते. पहिल्या उकळीत जंतू नुसते घाबरतात असं माझं मत आहे. भाविका झोपली की श्वास चालू आहे ना हे बघायला तिच्या नाकाखाली बोट धरते. त्यानं ती दचकून उठते आणि भोकाड पसरते, म्हणजे श्वास चालू असल्याची खात्री पटते. अशा मुलीला अकरा-अकरा तास सासूबाईंच्या हवाली करायचं? आमच्या सासूबाईंनी, म्हणजे बायजाबाईंनी, पाच मुलं मिठागराच्या बांधावर वाढवली. मुलानं मूठभर माती खाल्ली की त्यांना औषधाचा खर्च वाचल्यासारखं वाटतं.

"महिनाअखेरपर्यंत सांग," आदर्श म्हणाला. "साहेबांनी तोवर जागा धरून ठेवलीय. तेवढ्यात तुझ्या इंटरनेटवर एक वस्तू विकून दाखव, मी नोकरीचं नाव काढणार नाही. नाही विकली, तर एक तारखेला साडेसहाची एस.टी."

म्हणजे पणाला भाविका लागली होती. आणि वस्तू माझ्याकडे तयार होती.

सासरे मिठागरावर मुकादम होते. तिथं सकाळी हजेरीला प्रत्येक मजुराच्या हातात आकडा कोरलेला एक पितळी बिल्ला ठेवायचे. संध्याकाळी तो परत केला की मजुरी. मिठागर बंद पडलं, सासरे गेले, आणि बावीस बिल्ले बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात राहिले. दरवर्षी दिवाळीला सासूबाई ते चिंचेनं घासायच्या. जुन्या वस्तूंचा शौक असलेली माणसं असल्या गोष्टींना वाट्टेल ते मोजतात, हे मी रविवारच्या पुरवणीत वाचलं होतं.

"ईक," सासूबाई म्हणाल्या. "माझे हात चिंचेनं गेलं. पन कोन घेनार गो यो भंगार?"

"अँटिक म्हणतात त्याला, आई."

"घासतंय कोन, त्यावर हाय ते."

पेणला तेव्हा इंटरनेट होतं की नाही मला माहीत नाही; माझ्या ओळखीचं रोह्याला होतं. आदर्शचा मित्र कमळाकर, त्याचं दुकान. एस.टी.डी., झेरॉक्स, लॅमिनेशन, आणि कोपऱ्यात टेबलक्लॉथ पांघरून बसवलेला एक कॉम्प्युटर. मी मंगळवारी भाविकाला, दुधाच्या दोन बाटल्यांना, चार फडक्यांना आणि बावीस बिल्ल्यांना घेऊन एस.टी.नं रोह्याला पोचले.

कमळाकरनं उदबत्ती लावली, मग कॉम्प्युटर लावला. डब्यातून खडे हलवल्यासारखा, मग मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा आवाज आला. भाविका माझ्या कमरेला चिकटली.

"लागला, वहिनी," कमळाकर म्हणाला. "बोला, काय लिहू?"

जुन्या वस्तू विकायची ती एक मुंबईची वेबसाइट होती. मी घरून मजकूर लिहून आणला होता, दीड पान. मिठागराचा इतिहास, मजुरांचं जीवन, शेवटी थोडं चिंतन.

"हे बसणार नाही," कमळाकर म्हणाला. "रकान्यात वीसच अक्षरं घेतंय."

दीड पानाची वीस अक्षरं करायची म्हणजे हत्तीला पाकिटात घालून तिकीट लावायचं. मी लिहिलं: ओल्ड ब्रास टोकन्स, पेण.

"टोकन नको," कमळाकर म्हणाला. "टोकन म्हटलं की लोकांना प्लॉट वाटतो."

खरं होतं. त्या वर्षांत आमच्याकडे टोकन हा शब्द फक्त जमिनीसाठी शिल्लक होता. मी 'सेट' केलं. ओल्ड ब्रास सेट, पेण. त्यावर कॉम्प्युटरनं लाल अक्षरांत काहीतरी बजावलं.

"स्वल्पविराम चालत नाही म्हणतोय."

स्वल्पविराम काढला. एवढंसं चिन्ह. पण त्यानंतर तीन आठवडे मी जे भोगलं ते त्या स्वल्पविरामाच्या जागी बसून भोगलं.

तेवढ्यात भाविकानं झेरॉक्स मशीनच्या पोटात हात घातला. मी किंचाळत तिकडे धावले. मागून कमळाकर विचारत होता, "वहिनी, कुठल्या विभागात टाकू? नाणी, पोस्टाची तिकिटं, घड्याळं... अरे, आपल्या पेणचा वेगळा विभागच आहे की इथं."

"पेणचा?" मी भाविकाची बोटं मोजत विचारलं.

"हो. पी ई एन. पुढं उगीच एक एस लागलाय, चुकून असेल. आपले गणपती जातात ना अमेरिकेला, लंडनला. म्हणून दिला असेल रकाना."

इंग्रजीची पदवीधर बाई तिथं उभी होती. तिला त्या एसचा संशय यायला हवा होता. तिला अभिमान वाटला.

"टाका त्यातच," मी म्हणाले.

फोटो चिकटवता आला नाही. त्यासाठी लागणारं मशीन दुरुस्तीला पनवेलला गेलं होतं. गावाच्या रकान्यात कमळाकरनं दुकानाचा म्हणून रोहा टाकला. अशा रीतीनं साऱ्या जगाला कळलं, की रोह्याला कुणाकडे तरी एक जुना, पितळी, 'सेट पेन' विकायला आहे.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. आमची टपाल व्यवस्था अशी: कमळाकर ई-मेल छापायचा, आदर्श ती शिफ्ट संपल्यावर डब्याच्या पिशवीतून आणायचा, मी कागदावर उत्तर लिहायचे, ते दुसऱ्या दिवशी त्याच पिशवीतून जायचं. त्यामुळे प्रत्येक ई-मेलला वालाच्या बिरड्याचा वास असे.

पाठवणाऱ्याचं नाव होतं एच. कॉन्ट्रॅक्टर, मुंबई.

"कॉन्ट्रॅक्टर?" आदर्श म्हणाला. "कसला कॉन्ट्रॅक्टर?"

"लिहिलं नाही. पण सभ्य वाटतात." मी वाचून दाखवलं. "पेण किती जुनं आहे? आणि कुणी केलं?"

"पेण कुणी केलं म्हणजे?"

"मुंबईच्या माणसांचं इंग्रजी असंच असतं," मी समजुतीनं म्हणाले. साहेबांना आधी गावाची माहिती हवी असणार. शौकीन माणसं वस्तूची पार्श्वभूमी बघतात, हेही पुरवणीत होतं. मी लिहिलं: पेण तीनशे वर्षांहून जुनं आहे, करणाऱ्याचं नाव ठाऊक नाही.

उलट टपाली बिरडं आलं. 'तीनशे वर्षं अशक्य. बाई, आपण माझी थट्टा करता आहात का? मी या क्षेत्रात चाळीस वर्षं आहे.'

मला राग आला. माझ्या सासरच्या गावाबद्दल कुणी मुंबईत बसून असं बोलावं? मी ठणकावलं: पेण पेशव्यांच्या कागदपत्रांत आहे, येऊन तपासा.

यानंतर साहेबांचा सूर पार बदलला. अक्षरांनाच धाप लागल्यासारखी वाटत होती. 'पेण गळतं का?'

मी प्रामाणिक आहे. 'पावसाळ्यात बऱ्याच ठिकाणी,' असं लिहिलं.

'पेण भरतं कसं?'

'पाइपनं. एक दिवसाआड. उन्हाळ्यात दोन दिवसांनी.'

'पेण याआधी कुणी उघडून बघितलंय?'

याचं उत्तर मी दिलं नाही. मला इथं पहिल्यांदा काहीतरी खटकलं. माणूस बिल्ल्यांबद्दल एक अक्षर विचारत नव्हता. सगळं पेणबद्दल. आणि पुढची ई-मेल आदर्शनं आणली ती पिशवीतून काढतानाच त्याचा चेहरा उतरलेला होता.

'पेण सध्या कुणाच्या मालकीचं आहे? मला ते पूर्ण हवं आहे, सुटे भाग नकोत. दुसऱ्या कुणाशी बोलू नका. गाजावाजा न होता व्यवहार व्हावा. मी टोकन घेऊन येतो.'

भाविका खाली बसून पावशेर वाल जमिनीवर पसरत होती.

"हा पेण विकत घेतोय," आदर्श हळू आवाजात म्हणाला.

तुम्ही हसाल. आम्ही हसलो नाही, कारण त्या दिवसांत आमच्याकडे कोण काय विकत घेईल याचा नेम नव्हता. सकाळी भाताचं खाचर असायचं, संध्याकाळी त्याला तारेचं कुंपण आणि पाटी. खाडीकडच्या गावांत सफारीतली माणसं नकाशे घेऊन फिरायची. त्यांनी चहा प्यायलेल्या घरांना पुढं कळायचं, की आपण ज्या अंगणात बसलो होतो ते अंगण कुठल्याशा प्रकल्पात गेलं. अशा काळात कुणी कॉन्ट्रॅक्टर अख्खं पेण मागत असेल, तर तो फक्त घाऊक गिऱ्हाईक होता.

आणि त्याला दार मी उघडून दिलं होतं.

"कुणाला बोलू नकोस," आदर्श म्हणाला. मी कुणाला बोलले नाही. फक्त सासूबाईंना सांगितलं. सासूबाईंनी फक्त शेजारच्या विमलबाईंना सांगितलं. विमलबाईंकडे फोन आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी महिपती नाना दारात. हे आमच्या आळीचे पुढारी. वर्गणी, मोर्चा, लग्न, मयत, सगळ्यात पुढं. मागं सात-आठ जण होते.

"सूनबाय, तू पेन इकायला काढलंस ह्ये खरं काय?"

"नाही हो नाना, मी बिल्ले काढले होते."

"मंग त्यो कॉन्ट्रॅक्टर कोन?"

मी ई-मेल वाचून दाखवल्या. 'गाजावाजा न होता' याच्यावर मागून कुणीतरी चुकचुकलं. नानांनी तिथंच ओट्यावर पेण बचाव समिती काढली. निवेदन मीच लिहिलं, इंग्रजी आणि मराठीत. 'आमच्या प्रेताशिवाय' असा शब्दप्रयोग नानांना हवा होता. तो 'प्रेतावरून' असा दुरुस्त करून घातला. पेणची एक वीतही देणार नाही, असं आठ जणांनी सही करून दिलं. नवव्यानं अंगठा.

त्याच संध्याकाळी मागच्या दारानं नाना एकटेच आले.

"सूनबाय, यो मानूस रेट काय देतोय?"

"नाना, आत्ताच तुम्ही सही केलीत."

"ती पेनासाठी. माझा गडबला तुकडा हाय, हायवेला लागून. गडब काय पेन नाय ना? त्यात घालता ईल काय बघ. गपचूप."

मी दार लावते न लावते तोच समितीचे खजिनदार. मग चिटणीस. त्यांचा तुकडा भरतीच्या वेळी पाण्याखाली असायचा. "ओहोटीच्या टायमाला दाखव" असं त्यांनी सुचवलं. रात्रीच्या जेवणापर्यंत समितीचे नऊच्या नऊ सभासद एकेकटे येऊन गेले. नवव्यानं सोबत सातबारा आणला होता आणि अंगठा लावायचं तेवढं शाईचं पॅडही.

सासूबाई वाल सोलत सगळं बघत होत्या. "गो बाय," त्या म्हणाल्या, "इकनारी तू येकटीच नायस. तुझा कॉम्प्युटर तेवढा हाय."

मला झोप नाही. माझ्या हिशेबानं आता दोनच शक्यता होत्या. एक, हा माणूस लबाड आहे, आणि तो भाविकाला पळवून नेईल. दोन, हा माणूस खरा आहे, मग भाविका पेणऐवजी कॉन्ट्रॅक्टर नगरात लहानाची मोठी होईल. पण महिनाअखेर चार दिवसांवर आली होती, आणि एवढ्या सगळ्यात एक गिऱ्हाईक तरी माझ्याकडे होतं. बिल्ले घ्या, पेणचा नाद सोडा, असं तोंडावर सांगायचं मी ठरवलं. घरचा पत्ता दिला नाही. 'रविवारी अकरा वाजता, रोह्याला, कमळाकरच्या दुकानात,' असं कळवलं.

रविवारी मी, आदर्श, कडेवर भाविका, डबा घेतलेल्या सासूबाई. आणि मागून दोन मिनिडोर रिक्षा भरून पेण बचाव समिती. बाहेरून फलक होते. आतल्या खिशात सातबारे.

अकराला एक पिस्ता रंगाची, माझ्याहून वयानं मोठी फियाट दुकानासमोर थांबली. आतून ऐंशीच्या घरातले एक पारशी आजोबा उतरले. पांढरा डगला, जाड चष्मा. एका हातात शाईची दौत, दुसऱ्या हातात भिंग. एवढ्या लोकांना बघून ते दारातच थबकले.

"ए डिकरा," ते घाबरून मला म्हणाले, "हा सगळा मानस पन खरेदीला आयला?"

"खरेदीला नाय, वाचवायला," नाना गरजले. "पेन आमचा हाय."

आजोबांचा चेहरा पडला. "पन बाई मालकचा तर काय बोलली नाय."

"मालक आमी समदे."

"एक पेनला इतका मालक?" आजोबांनी डोकी मोजायला सुरुवात केली. मग नाद सोडून माझ्याकडे वळले. "बरा, बरा. आधी दाखव तर. कुठे हाय पेन?"

"ते इथं कसं असेल?" मी म्हणाले. "जिथं आहे तिथंच आहे. चाळीस किलोमीटर मागं."

"मागे?"

"तुम्ही आलात तेव्हा वाटेत लागलंच असेल. तुमची गाडी त्याच्यावरूनच आली."

आजोबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग फियाटच्या टायरकडे.

"मी पेनवरून गाडी घातला?"

"सगळेच घालतात," मी धीर दिला. "ट्रकसुद्धा."

आजोबा मटकन कमळाकरच्या स्टुलावर बसले. "तीनशे वरसचा पेन," ते पुटपुटले. "नीब पन गेला असेल."

नीब.

ती दोन अक्षरं ऐकली आणि माझ्या कानात तो कॉम्प्युटर सुरू होतानाचा आवाज आला. आधी खडे, मग मांजर. मी कमळाकरकडे बघितलं. कमळाकर लॅमिनेशनच्या मशीनकडे बघत होता. आदर्शनं छताकडे बघायला सुरुवात केली. शेवटी मीच आजोबांपुढं उभी राहिले आणि सांगितलं. पी ई एन. गाव. एस.टी. स्टँड असलेलं.

आजोबांनी खिशातून माझ्या ई-मेल काढल्या आणि भिंग लावून एकेक वाक्य पुन्हा वाचलं. "पावसात गळते," ते स्वतःशीच म्हणाले. "एक दिवसाआड भरते." आणि खांदे हलायला लागले. ते रडताहेत असं वाटून सासूबाईंनी पाणी पुढं केलं. ते हसत होते. हसता हसता त्यांना ठसका लागला आणि ते पाणी खरंच कामाला आलं.

समितीला हे उशिरा उमगलं. नाना गर्दीतून पुढं आले. "म्हंजे पेन कोन घेत नाय?"

"कोणी नाही, नाना. पेण वाचलं."

इतकी निराश झालेली विजयी समिती मी पाहिली नाही. नानांनी फलक भिंतीला टेकवला, आणि जाता जाता खाकरून आजोबांना विचारून घेतलं, "साहेब, ते पेनाचं जाऊं दे. गडबला येक तुकडा हाय, हायवेला लागून..."

"अरे बावा, मी भाड्याच्या खोलीत राहते," आजोबा म्हणाले. "पागडीची."

समिती मिनिडोरमध्ये जाऊन बसली.

एक आशा उरली होती. मी डबा उघडून बिल्ले त्यांच्यापुढं मांडले. सगळं सांगितलं, दीड पान, चिंतनासकट. त्यांनी एक बिल्ला उचलला, भिंगाखाली धरला, उलटा केला.

"मस्त हाय. पन मी फक्त पेन घेते, डिकरा. चाळीस वरस एकच नाद. बायडी होती तेव्हा तीपन सांगायची, दुसरा काय घेऊन आला तर घरात घेनार नाय."

"वापस ठेवा मंग," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी बिल्ला त्यांच्या हातातून घेतला, पदरानं पुसला, डब्यात टाकला. "त्यो अकरा नंबर हाय. माझाच. ह्यांनी लग्नाच्या आदी माझ्या हातात ठेवला व्हता, रोज सकाळी. मी उगाच इकायला दिला."

मला हे ठाऊक नव्हतं. विचारलंही नव्हतं. आजोबांनी दौत खिशात ठेवली, भाविकाच्या गालाला हात लावला (मी लगेच पुसला) आणि फियाट ढकलायला आम्हालाच लावून निघून गेले.

परतीच्या एस.टी.त आदर्श माझ्याकडे न बघता म्हणाला, "बुधवारी एक तारीख आहे."

बुधवारी मी साडेसहाची एस.टी. पकडली. निघताना सासूबाईंना चार पानी सूचना लिहून दिल्या. त्यांना वाचता येत नाही हे गडब गेल्यावर आठवलं. टाइम ऑफिसातून विमलबाईंना तीन फोन केले. तिसऱ्या फोनला त्या म्हणाल्या, "काय गो, पोर रडत नाय, तूच रडतेस. ठेव फोन, माझा कुकर लागलाय."

सहाला धावत घरात शिरले. भाविका चुलीपुढं मांडी घालून बसली होती आणि आपल्या हातानं सुकट-भात खात होती. जमिनीवर निम्मा, तोंडात निम्मा. ज्या मुलीच्या एका घासासाठी मी तासभर चिमणी-कावळा होत असे, तिचं हे दुसरं ताट होतं.

"आलीस येवढ्यात?" सासूबाई म्हणाल्या.

भाविका अडीच वर्षांची झाली तरी जोडून बोलत नाही, नुसते सुटे शब्द टाकते, म्हणून मी दोन महिन्यांत तीन डॉक्टर केले होते. तिनं मान वर करून मला पाहिलं, ताट दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढलं, आणि आयुष्यातलं पहिलं पूर्ण वाक्य बोलली.

"आई, तू कंपनीत जा."

व्याकरण बिनचूक होतं. माझ्यावर गेलीय.